शॉपफ्लोअर सोडून अकाउंट्सला जायचंय? बारामती एमआयडीसीत हे गणित असं बसतं

२१ सप्टेंबर २०२५. रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्या रात्री बारा वाजता जीएसटीचे नवे दर लागू झाले. १२ टक्क्यांचा टप्पा गेला, २८ चा जवळपास गेला, आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ मध्ये येऊन बसल्या.

बातम्यांमध्ये तेव्हा टीव्ही, एसी आणि गाड्या किती स्वस्त झाल्या एवढंच चाललं होतं. पण बारामती एमआयडीसीत काय काय बनतं ते एकदा आठवून बघा. पियाजिओच्या तीनचाकी आणि व्हेस्पा, फेरेरोची चॉकलेटं, श्रायबर डायनॅमिक्सचं चीज आणि दूध, हायटेक टेक्स्टाईल पार्कमधले कपडे. डिझेल-सीएनजीच्या तीनचाकीवरचा कर २८ वरून १८ वर आला. इलेक्ट्रिक तीनचाकी मात्र होती तिथंच, ५ वर. चॉकलेट १८ वरून ५, चीज आणि बटर १२ वरून ५, आणि टेट्रा पॅकमधलं यूएचटी दूध ५ वरून थेट शून्य. एकाच एमआयडीसीतल्या शेजारच्या गेटांवर एका रात्रीत वेगवेगळे दर बदलले.

मोठ्या कंपन्यांकडं यासाठी सॉफ्टवेअर असतं, सल्लागार असतात. खरी पंचाईत झाली ती त्यांच्यासाठी टर्निंग, मशीनिंग करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपची. कारण सगळं स्वस्त होत असताना त्यांचा दर वाढला. इंजिनिअरिंगच्या जॉबवर्कवर १२ टक्के जीएसटी होता, तो १८ झाला.

आता समजा, महिन्याचं जॉबवर्कचं बिल १० लाखांचं आहे. आधी त्यावर १ लाख २० हजार कर लागायचा, आता १ लाख ८० हजार. पण काम १८ तारखेला झालंय, चलनावर माल परत गेलाय, बिल २४ ला काढलंय आणि पैसे दिवाळीनंतर येणार आहेत, तर दर कुठला लावायचा? जुना की नवा?

उत्तर कायद्यात आहे आणि लक्षात ठेवायला सोपं आहे. काम, बिल आणि पेमेंट या तीन गोष्टींपैकी दोन ज्या बाजूला, दर त्या बाजूचा. इथं बिल आणि पेमेंट दोन्ही २२ नंतरचे आहेत, म्हणजे १८ टक्के. ज्यानं सवयीनं १२ लावून बिल काढलं, त्याला ते ६० हजार पार्टीकडून मागून घेताना पुरवणी कागद काढावा लागतो. पार्टी नाही म्हणाली तर ते त्याच्याच खिशातून जातात.

ही गोष्ट इथं सांगायचं कारण वेगळं आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, आयटीआय, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून कंपनीत लागलेल्या बऱ्याच पोरापोरींच्या डोक्यात कधी ना कधी एक विचार येतो, आपण अकाउंट्सला गेलो तर? नाईट शिफ्ट नको झालेली असते, कंत्राटाचं नूतनीकरण दर वेळी टांगणीला असतं, आणि काचेच्या केबिनमधला जनरल शिफ्टचा अकाउंटंट सुखी दिसतो. मग टॅलीच्या क्लासची फी भरली जाते.

अकाउंट्सकडं जाणं चुकीचं नाही. पण टॅलीचा क्लास हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. तुमच्याकडं आधीपासून जे आहे ते सोडून क्लासला गेलात, तर तुम्ही रांगेत सगळ्यात मागं उभे राहता.

नुसती एंट्री मारायचं काम आटत चाललंय

टॅलीबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवायचे. स्वतःचे हिशोब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते बनवायला लावलं. १९८६ साली कंपनी उभी राहिली. म्हणजे टॅलीचा जन्मच पार्ट सप्लायरच्या डोकेदुखीतून झालाय. बारामतीतल्या कुठल्याही व्हेंडरला ती जवळची वाटावी, अशीच ती डोकेदुखी.

पुढची वीस-पंचवीस वर्षं ‘टॅली येतं’ एवढ्यावर नोकरी मिळायची. आता चित्र बदललंय. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायाला दुसऱ्या व्यवसायाच्या नावानं बिल काढायचं तर ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. बिल सरकारी पोर्टलवर नोंदवलं जातं आणि तिथून समोरच्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये आपोआप दिसतं. बँक स्टेटमेंट सॉफ्टवेअरमध्ये थेट ओढून घेता येतं. खरेदीची बिलं फोटोवरून वाचणारी साधनं आलीत. जे काम करायला पूर्वी दोन माणसं दिवसभर बसायची, ते आता एकजण दुपारपर्यंत उरकतो.

त्यामुळं फक्त व्हाउचर टाकणाऱ्याचा पगार वाढायला जागाच उरलेली नाही. कायद्यानं दुप्पट दरानं मिळणारा ओव्हरटाइम धरला, तर शॉपफ्लोअरवरच्या अनुभवी ऑपरेटरच्या हातात नव्या अकाउंट्स असिस्टंटपेक्षा जास्त पैसे पडू शकतात. घरात हप्ते चालू असतील तर पहिली दोन वर्षं कशी काढायची हे बायकोशी, आईवडिलांशी बोलून मगच ठरवा. कारण केबिन बाहेरून दिसते तेवढी थंड नसते.

मग पैसे कशाचे मिळतात?

कागद आणि माल यांची गाठ घालून देण्याचे.

एक साधं उदाहरण घेऊ. कंपनीनं वर्कशॉपला १,००० कास्टिंग चलनावर पाठवली. ९६० पार्ट तयार होऊन परत आले, १५ रिजेक्ट झाले, २५ चा पत्ता नाही. अकाउंट्सला एवढंच दिसतं की १,००० गेले आणि ९७५ आले. कायदा म्हणतो, जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. नाही आला, तर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. मशिनरीला हीच मुदत तीन वर्षांची आहे. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर आणि टूल्स यांना मात्र ही मुदत लागूच नाही.

आता ते २५ पार्ट कुठं गेले, हे कॉमर्सच्या पुस्तकातून शिकून आलेल्या माणसाला कळणार नाही. सेटिंग करताना पाच-सात जातात. दोन-चार सॅम्पल म्हणून क्वालिटीकडं पडलेले असतात. उरलेले मागच्या रॅकमध्ये वेगळ्या पार्ट नंबरच्या क्रेटमध्ये असतात. हे कुणाला माहिती असतं? ज्यानं मशीन चालवलंय त्याला, ज्यानं स्टोअर सांभाळलंय त्याला.

स्क्रॅपचंही तसंच. कास्टिंगचं वजन किती, तयार पार्टचं किती, म्हणजे टर्निंगचं स्क्रॅप किती निघायला हवं, हा हिशोब ऑपरेटर मनातल्या मनात करतो. स्क्रॅप विक्रीचं बिल त्यापेक्षा फारच कमी वजनाचं असेल, तर कुठंतरी पाणी मुरतंय. हा प्रश्न विचारू शकणारा अकाउंटंट मालकाला सोन्यासारखा वाटतो. काही जणांना नकोसाही वाटतो, तो भाग वेगळा.

किंवा मेंटेनन्सचं घ्या. स्पिंडल बदलला, ४ लाखांचं बिल आलं. हा दुरुस्तीचा खर्च की मशीनच्या किमतीत धरायचा? नुसतं बिल वाचून ते ठरत नाही. जुन्यासारखाच स्पिंडल बसवून मशीन पूर्ववत केलं की मशीनची ताकद वाढवली, यावर ते ठरतं. अकाउंटंट अशा वेळी मेंटेनन्सवाल्याला फोन करतो. तो मेंटेनन्सवालाच अकाउंट्सला आला, तर फोनची गरजच उरत नाही.

लोकांना वाटतं अकाउंट्स म्हणजे गणित. गणित बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारीच्या पुढं फारसं जात नाही. अवघड असतं ते समोर आलेला कागद नेमका कशाचा आहे हे ओळखणं.

म्हणून ज्यांना जायचंय त्यांना माझं मत असं की राजीनामा आधी टाकू नका. आधी आहे त्याच कंपनीत स्टोअर, डिस्पॅच किंवा परचेसला बदली मिळते का बघा. तिथं पीओ, माल आल्याची जीआरएन आणि व्हेंडरचं बिल हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळवायची सवय लागते. वर्ष-दीड वर्षात अकाउंट्सवाले तुम्हाला नावानं ओळखायला लागतात. तिथून आत जाणं हे बाहेरून सीव्ही पाठवण्यापेक्षा खूप सोपं असतं. लोणी देवकरच्या इंदापूर एमआयडीसीत किंवा बारामतीतल्या वीस-तीस माणसांच्या युनिटमध्ये तर हे आणखी सोपं, कारण तिथं स्टोअर आणि अकाउंट्स एकाच टेबलावर असतात.

आत्ताचा काळ बरा का आहे

कारण जुन्या लोकांचंही पाठांतर पुसलं गेलंय.

सात महिन्यांत तीन मोठे बदल झाले. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, आणि त्यात ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याच बदलली. बेसिक कमी ठेवून भत्ते फुगवायची जी पद्धत होती तिला चाप बसला, कारण वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. ग्रॅच्युइटीपासून सगळी गणितं त्यानं हलतात. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. ८१९ कलमांची ५३६ झाली, ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ राहिलं.

वीस वर्षं कलमांचे आकडे तोंडपाठ असणारा अकाउंटंटही सध्या नवा तक्ता समोर ठेवून काम करतोय. नव्यानं येणाऱ्याला यापेक्षा समान मैदान पुन्हा लवकर मिळेल असं वाटत नाही.

एमआयडीसीच्या व्हेंडरसाठी आणखी एक नियम जिव्हाळ्याचा आहे. जुन्या कायद्यात तो ४३बी(एच) म्हणून गाजला. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर करून ते वर्षअखेरीला थकलेच, तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मार्च जवळ आला की कंपन्या व्हेंडरकडं उद्यमचं सर्टिफिकेट मागायला लागतात, ते यामुळं. व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, उत्पादक आणि सेवा देणाऱ्यालाच आहे. ज्या वर्कशॉपमधल्या माणसाला हे माहिती आहे, तो अडकलेल्या पेमेंटसाठी साहेबांच्या पाया पडत नाही, नियम लिहून मेल टाकतो.

डिग्री लागते का?

छोट्या युनिटमध्ये काम येत असेल तर कुणी विचारत नाही. मोठ्या कंपनीत मात्र एचआरच्या चाळणीत कॉमर्स शब्द नसेल तर अर्ज पुढं जात नाही. बारावी किंवा आयटीआयवर असाल तर नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करता येतं. तीन वर्षं जातात, पण ती तशीही जाणारच असतात.

ज्यांच्याकडं पदवी आहे त्यांना सीएचा दरवाजा बंद नाही, हे अनेकांना माहितीच नसतं. कॉमर्स सोडून इतर शाखेच्या पदवीला ६० टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवता येतं. कॉमर्सवाल्यांना हीच अट ५५ टक्क्यांची आहे. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. तरी नोंदणीनंतरचे अभ्यासाचे आठ महिने, मग आर्टिकलशिप, मग फायनल असं सगळं धरलं तर तीन-साडेतीन वर्षं लागतात, तीही प्रत्येक परीक्षा पहिल्या झटक्यात निघाली तर. आर्टिकलशिपचा स्टायपेंड घर चालवण्याइतका नसतो. एकटे असाल आणि घरून पाठबळ असेल तर विचार करा. तिशीत दोन लेकरं असताना ही उडी मारायची तर आधी शिल्लक मोजा.

इंजिनिअरला त्यापेक्षा सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटन्सी जास्त मानवते, असं मला वाटतं. एका पार्टला किती मिनिटं मशीन लागलं, किती युनिट वीज गेली, किती टूल झिजलं, हे मोजून भाव काढायचं हे शास्त्र आहे. सायकल टाइम माहिती असलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. तिथंही पदवीधराला थेट इंटरमिजिएटला प्रवेश आहे.

आणि एक दरवाजा, जो फक्त महाराष्ट्रात आहे

जीडीसी अँड ए. शासकीय सहकार व लेखा पदविका. पुण्याच्या सहकार आयुक्त कार्यालयामार्फत ही परीक्षा साधारण मे महिन्यात होते. सहा पेपर असतात आणि ते मराठीतून लिहिता येतात. कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, मग तो बीएस्सी ॲग्री असो की बीए इतिहास. कामावर असतानाच अभ्यास करून देता येते, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा.

बारामती-इंदापूरमध्ये तिचं वजन का, हे नकाशावरून कळतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा एवढे सहकारी साखर कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्याखाली गावोगावच्या विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, नोकरांच्या सोसायट्या. यातल्या प्रत्येक संस्थेचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हावं लागतं. पदविका आणि संस्थांच्या ऑडिटचा आवश्यक अनुभव असला की सहकार खात्याच्या पॅनेलवर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून जाता येतं. पदविका मिळाली की दुसऱ्या दिवशी पाटी लागत नाही. आधी कुणा ऑडिटरच्या हाताखाली गावं पालथी घालावी लागतात.

इथली भाषाही वेगळी. डे-बुकला कीर्द, लेजरला खतावणी, ट्रायल बॅलन्सला तेरीज. एमआयडीसीतल्या ईआरपीवरून आलेल्याला सुरुवातीला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. पण उसाचं घरचं माहिती असलेल्याला यातलं निम्मं आधीच कळतं. ऊस गेला की १४ दिवसांत एफआरपी द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम शेतकऱ्याच्या पोराला शिकवावा लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा, मग सोसायटीचं कर्ज वजा, आणि खात्यावर किती आले यावरून घरात झालेली चर्चा त्यानं लहानपणापासून ऐकलेली असते. कारखान्याच्या हिशोबात नेमकं तेच असतं, फक्त हजारो सभासदांचं.

कुणी जाऊ नये

फक्त शिफ्टला कंटाळून जाणाऱ्यांनी. अकाउंट्सला नाईट शिफ्ट नाही, पण तारखा आहेत. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १४ ला २बी तयार झालं की ते खरेदीशी जुळवायचं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी. व्हेंडरनं बिल चढवलं नसेल तर क्रेडिट मिळत नाही, मग त्याच्या मागं फोन. मार्चअखेर आणि सप्टेंबरमध्ये घरी जायची वेळ सांगता येत नाही.

आणि ज्यांना ‘साहेबांनी सांगितलं म्हणून मागच्या तारखेला टाकलं’ म्हणायची सवय लागू शकते, त्यांनीही नको. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं आणि तो बंद करता येत नाही. कुणी, कधी, काय बदललं हे लॉगिनच्या नावासकट राहतं. प्रोप्रायटरी वर्कशॉपला हा नियम नाही, पण जीएसटी पोर्टल तिथंही सगळं लक्षात ठेवतं. सांगणारा साहेब लॉगमध्ये नसतो, तुमचं नाव असतं.

राहिला प्रश्न सुरुवात कधी करायची याचा. जमलं तर एप्रिलमध्ये. नवं वर्ष उघडतं, ओपनिंग बॅलन्स ओढले जातात, बिलांचे नंबर एकपासून सुरू होतात, पार्टीकडून खातं जुळल्याची पत्रं मागवली जातात. वर्षाचा सगळा सांगाडा एका महिन्यात डोळ्यांसमोरून जातो. आणि २५ एप्रिलला जॉबवर्कचं आयटीसी-०४ भरायचं असतं. त्या यादीत कुठला पार्ट कुणाकडं अडकलाय हे सांगायला आख्ख्या ऑफिसमध्ये मशीनवर काम केलेला माणूस बहुधा एकच असतो.